एचआयव्ही चाचणी आत्ता करावी की थांबावं?

गुपचूप_वाचक: जोखमीच्या संबंधाला महिना उलटला. लक्षण काहीच नाही. मग चाचणीचा उपयोग काय? करायचीच झाली तर कोणती? खर्च अगदी कमी हवा.

शंभर_टक्के: सरळ आरएनए चाचणी करा, म्हणजे रक्तात विषाणूचाच जनुकीय अंश शोधणारी. १० ते ३३ दिवसांत विषाणूच सापडतो. पैशाचं नंतर बघू.

नमुना_नळी: पैशाचं नंतर कसं? प्रश्नातच लिहिलंय की! आणि आरएनए निगेटिव्ह आली तरी पुढे अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांची, करावीच लागते. चौथ्या पिढीची एलायझा, म्हणजे प्रयोगशाळेतली अँटिबॉडीची चाचणी, करा, शिरेतलं रक्त देऊन. त्यात पी-२४ अँटिजेन, म्हणजे विषाणूचं एक प्रथिनही तपासतात. ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह, मध्ये नवी जोखीम घेतली नसेल आणि पेपच्या गोळ्या (जोखमीनंतर लागण टाळायला घेतात त्या) चालू नसतील तर.

घरबसल्या: तोंडातल्या द्रवाचं किट बरं, सुई नको. आधी ३० मिनिटं खाणं-पिणं बंद. वरच्या-खालच्या हिरड्यांवरून एकेकदाच फिरवा. निकाल २० मिनिटांनंतर, ४० च्या आत वाचा. 'सी' (किट चाललं हे दाखवणारी) रेष नसेल तर किट बाद. 'टी' (चाचणीची) रेष फिकट दिसली तरी रिॲक्टिव्हच, म्हणजे लागणीची शक्यता, पण ते निदान नव्हे. प्रयोगशाळेत पक्कं करावं लागतं.

नमुना_नळी: त्या किटचं निगेटिव्ह पक्कं धरायला संबंधानंतर ९० दिवस जावे लागतात, ते नाही सांगितलंत.

शंभर_टक्के: म्हणूनच म्हणतो, आरएनए.

सुमा_ताई: मूळ प्रश्न राहिलाच. लक्षणांची वाट बघू नका. सुरुवातीला फ्लूसारखा ताप येतो किंवा तोही नाही, मग कित्येक वर्षं सामसूम, आतून सीडी४ पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटत राहतात. वेळेत कळलं तर एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या औषधांवर, आयुष्य जवळपास इतरांइतकंच. विषाणू रक्तात सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधांतून जोडीदाराला लागणही होत नाही. पेप मात्र ७२ तासांतच सुरू करावं लागतं, ती वेळ गेली. त्याच रक्तात सिफिलिस आणि हिपॅटायटिस बीसुद्धा बघून घ्या.

शंभर_टक्के: सिफिलिस कुठून आला मध्येच?

सुमा_ताई: ज्या वाटेने एचआयव्ही येतो त्याच वाटेने.

गुपचूप_वाचक: सगळ्यांचे आभार. सरकारी केंद्रात बोट टोचून होणारी मोफत रॅपिड (झटपट) चाचणी उद्या करतो, ९० दिवस झाले की पुन्हा.

नमुना_नळी: एलायझा सांगून दमलो! असो. पहिला थेंब पुसून दुसरा घेतात का बघा. आणि उद्या निगेटिव्ह आली तरी दुसरीपर्यंत कंडोम, रक्तदानही नको.