साथीत मास्कचा निर्णय तीन कमिशनरांनी घ्यावा का? अमेरिकेतलं कॅन्सस राज्य, २०२०: टोपणनावांनी झालेली चर्चा

उंबरठा
गव्हर्नर लॉरा केली यांचा कोविड साथीतला मास्कचा आदेश ३ जुलै २०२० पासून लागू झाला. पण जूनमध्येच विधिमंडळाने कायदा करून काउंटी कमिशनला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, कमिशन म्हणजे तिथलं निवडून आलेलं मंडळ) त्यातून अंग काढून घ्यायची मुभा दिली होती. राज्यात १०५ काउंट्या. ११ ऑगस्टपर्यंत २४ ठिकाणी सक्ती, ८१ बाहेर.

मुळात कॅन्ससमध्ये काउंटी कमिशन हेच स्थानिक आरोग्य मंडळ असतं. रस्ते, पूल, शेरीफचं (काउंटीच्या पोलीसप्रमुखाचं) बजेट आणि रोगराई, सगळं एकाच टेबलावर. लहान काउंटीत कमिशनर तिघेच असतात, दोन हात वर झाले की विषय संपला. आरोग्य अधिकारी नेमायचा यांनी, त्याच्या खात्याचं बजेट मंजूर करायचं यांनी आणि त्याचा सल्ला बाजूला ठेवायचाही यांनीच. असा अधिकारी मोकळेपणाने बोलेल कसा? साथीपुरता आदेश त्याचाच चालावा. कमिशनने आठवड्याभरात तो पुढे चालू ठेवायचा की नाही, एवढंच ठरवावं.

आडवाट
आदेश निघेल हो, पाळून कोण घेणार? त्याच जूनच्या कायद्याने आदेशभंगाचा फौजदारी गुन्हा काढून दिवाणी दंड आणला. म्हणजे शेरीफच्या डेप्युटीने (पोलिसाने) दुकानात जाऊन कोणाला बेड्या घालायच्या नाहीत. सरकारी वकिलाने दावा लावायचा. लहान काउंटीत हा वकील जेमतेम एक, त्यात चोऱ्या, मुलांची प्रकरणं त्याच्या डोक्यावर. अशा जागी आदेश चालतो तो लोकांनी ऐकला म्हणून. आणि लोक ऐकतात ते मतं देऊन बसवलेल्या माणसाचं, ज्याला पुढच्या निवडणुकीत घरी पाठवता येतं. नेमलेल्या डॉक्टरचं कशाला ऐकतील?

आकडेमोड
ऐकलं की नाही, ते मोजलं गेलंय. सीडीसीने (अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने) नोव्हेंबर २०२० मध्ये या १०५ काउंट्यांचा अभ्यास छापला. सक्ती असलेल्या २४ मध्ये ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत रुग्णदर ६ टक्क्यांनी उतरला, उरलेल्या ८१ मध्ये १०० टक्क्यांनी चढला. कोणाला बेड्या घालायची सोय नसतानाही फरक पडला, हे आडवाट यांनी लक्षात घ्यावं.

आडवाट
टक्के सांगितलेत, आता मूळ आकडे सांगा. सक्तीवाल्या काउंट्यांत लाखामागे रोज १७ चे १६ झाले, बिनसक्तीवाल्यांत ६ चे १२. दुप्पट होऊनही दुसरा गट खालीच राहिला. राज्याच्या आरोग्य खात्याने ऑगस्टमध्ये अशाच दोन रेषा एका आलेखात काढल्या, पण डावीकडे एक मोजपट्टी आणि उजवीकडे वेगळी. बघणाऱ्याला वाटावं, मास्कवाली रेष दुसरीच्या खाली गेली! एकाच पट्टीवर काढली असती तर ती वरच दिसली असती. त्या एका चित्राने खात्याचा शब्द जितका हलका केला तितका कोणत्या कमिशनरने केला नसेल.

आकडेमोड
आलेख चुकीचाच होता, त्याचं समर्थन नाही. पण वर कोण, खाली कोण हा प्रश्नच नाही. दिशा कोणती, हा आहे. त्या २४ मध्ये राज्याची सुमारे दोन तृतीयांश वस्ती, सगळी मोठी शहरं त्यांच्यातच. दर जास्त असणारच. हां, त्यांतल्या काही ठिकाणी गर्दीवर आणि बारवरही बंधनं होती, त्यामुळे सगळं श्रेय मास्कला देता येत नाही. हे अभ्यासातच लिहिलंय.

कलम ४३१८
एक व्यवहारातली अडचण कोणी बोललंच नाही. कॅन्ससच्या खुल्या बैठकांच्या कायद्यात बहुमताइतके सदस्य कामकाजावर बोलले की ती बैठक, आणि ती लोकांसाठी खुली हवी. तिघांत बहुमत म्हणजे दोघं. म्हणजे दोन कमिशनर पार्किंगमध्ये उभे राहून मास्कवर बोलले तरी कायदा मोडला. आरोग्य अधिकाऱ्याने एकाचं मत दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला पोचवलं, तर तीही साखळी बैठकच ठरू शकते. त्यामुळे आधी कच्चा मसुदा फिरवून एकमत करणं जमत नाही. सगळा वाद थेट लोकांसमोर होतो आणि तिथे ज्याच्या बाजूने जास्त माणसं आली त्याचं वजन पडतं. अधिकार कोणाकडे, यापेक्षा मला ही रचना जास्त नडलेली दिसते.

उंबरठा
बरोबर! म्हणूनच तर म्हणतोय, तातडीचा आदेश या टेबलावर नकोच.

खातेवही
आणि पैसा? तो टेबलावरून कसा उचलणार? केअर्स कायद्याचा (केंद्राच्या साथमदतीच्या कायद्याचा) निधी थेट मिळाला तो ५ लाखांवर वस्ती असलेल्यांना, इथे जॉन्सन आणि सेजविक काउंटीला. राज्याने ४० कोटी डॉलर वाटले, ते मुख्यतः उरलेल्या १०३ ना. अटी तीन: खर्च साथीमुळेच झालेला, २७ मार्च २०२० ला मंजूर असलेल्या बजेटमध्ये न धरलेला आणि १ मार्च ते ३० डिसेंबरमधला. बुडालेला कर यातून भरून काढायचा नव्हता.

गंमत इथे आहे. ऑर्डरची तारीख धरत नव्हते, माल साधारणपणे मुदतीत पोचावा लागायचा. त्यामुळे आरोग्य खात्याने मागितलेलं, पण यायला वेळ लागणारं सामान मागे पडायचं. उलट पोलीस आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचा पगार साथीसाठीच झाला असं धरायला ट्रेझरीची (केंद्राच्या अर्थखात्याची) परवानगी होती. डेप्युटींचा पगार निधीत टाकायचा, जनरल फंड (काउंटीची नेहमीची तिजोरी) मोकळा. कायद्यात बसायचं आणि कागद कमी. मुदत वर्षभर वाढवणाऱ्या कायद्यावर सही झाली २७ डिसेंबरला, तीन दिवस उरले असताना! आदेश डॉक्टरच्या हातात आणि बिलं कमिशनच्या हातात दिलीत, तर रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला माणसं नेमायची की नाही, हे कोण ठरवणार?

कोयना काठ
महाराष्ट्रात आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, आरोग्याचा मुख्य अधिकारी सदस्य. निवडून आलेला माणूस सहअध्यक्षाच्या खुर्चीवर असतो, पण आदेशावर सही जिल्हाधिकाऱ्याची. उंबरठा यांना हवंय ते बरंचसं हेच.

आडवाट
मग तिथल्या माणसाला तो आदेश नको असेल तर त्याने कोणाला घरी पाठवायचं?