मावशींच्या अपघाताची भरपाई : सही नको, पगाराची पत्रं हवीत

बी-३०२ : सगळ्यांना नमस्कार. स्वयंपाकाच्या मावशींचा अपघात झालाय हे बऱ्याच जणांना कळलंच असेल. मुलाच्या स्कूटरवर मागे बसून येत होत्या. आपल्या सोसायटीच्या गेटपुढच्या वळणावर काँक्रीटचा मिक्सर डावीकडे वळला आणि स्कूटरला घासत घेऊन गेला. मुलगा बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. मावशींच्या डाव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडलीय, प्लेट आणि स्क्रू घातलेत. आज संध्याकाळी तो मिक्सर ज्यांचा, त्या काँक्रीट प्लांटची दोन माणसं हॉस्पिटलात आली होती. रोख ६०,००० आणि पाचशेचा स्टॅम्प पेपर घेऊन. त्यावर लिहिलंय की नुकसानभरपाई मिळाली, आता काही तक्रार नाही. उद्या सकाळी सहीसाठी परत येणार आहेत. मुलगा मला विचारतोय, काय करू?

ए-७०४ : वहिनी, मला तरी वाटतं घेऊन टाकावेत. कोर्टात वर्षानुवर्षं जातात. हातावर पोट आहे त्यांचं.

डी-६०१ : अगदी बरोबर. हॉस्पिटलचं बिल तरी निघेल.

सी-१०१ : सही करू देऊ नका. मुलाला आत्ताच फोन करा वहिनी, नंतर बाकीचं वाचा.

बी-३०२ : केला काका. आधी आम्हाला विचारल्याशिवाय कशावरही अंगठा की सही, काहीच करणार नाही म्हणाला.

सी-१०१ : छान. आता सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम विभागात गेली, असे कागद मी खूप पाहिलेत. पुढे दावा लावला की समोरचा वकील सगळ्यात आधी हाच स्टॅम्प पेपर काढतो. तो ओलांडता येत नाही असं नाही, पण मावशींनी ती लढाई विनाकारण का लढायची?

मुळात हे पैसे प्लांटने खिशातून द्यायचेच नाहीत. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा विमा, सक्तीचा आहे तो याचसाठी. माणसाच्या इजेसाठी विमा कंपनीच्या जबाबदारीला रकमेची वरची मर्यादा नाही. मग प्लांटला एवढी घाई का, हा प्रश्न विचारायला हवा. विमा संपलेला असेल, फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं सर्टिफिकेट, नसेल, ड्रायव्हरकडे जड वाहनाचं लायसन्स नसेल. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते दिसतं. कोणीतरी तरुण माणसाने आत्ता बघा.

डी-२०३ : पाहिलं काका. विमा चालू आहे. फिटनेस मात्र संपलेला दाखवतंय.

सी-१०१ : स्क्रीनशॉट तारखेसकट ठेव बाळा. विमा चालू आहे ना, मग पैसे येणारच. ड्रायव्हरचं लायसन्स चुकीचं निघालं तरी ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण, बहुतेक वेळा विमा कंपनीलाच आधी पैसे भरायला लावतं आणि मालकाकडून वसूल करायला सांगतं. जखमी माणसाला त्या भांडणात अडकवत नाहीत.

ए-७०४ : पण काका, मिळणार किती? चार-पाच वर्षं थांबून लाखभर मिळणार असतील तर?

सी-१०१ : हिशोबच मांडतो. मावशी ४३ वर्षांच्या. समजा सगळ्या घरांचे मिळून महिन्याला १६,००० मिळवतात. वर्षाचे १,९२,०००. वय ४० ते ५० मधलं आणि काम स्वतःचं, म्हणून पुढच्या वाढीसाठी २५ टक्के जास्त धरतात, म्हणजे २,४०,०००. ४१ ते ४५ वयाला १४ ने गुणायचं, हा गुणक सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये ठरवून दिलाय. झाले ३३,६०,०००. आता त्यांची कमाईची क्षमता २० टक्के कमी झाली असं ठरलं, तर ६,७२,०००. याशिवाय हॉस्पिटलची बिलं, बसून काढलेल्या महिन्यांची बुडालेली कमाई, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च, वेदनांसाठी वेगळी रक्कम आणि पुढे प्लेट काढायच्या ऑपरेशनचा खर्च. वर अर्ज केल्या दिवसापासून व्याज. आता ६०,००० शी ताडून बघा.

डी-६०१ : बापरे. आम्हाला वाटलं होतं तेच पुष्कळ आहेत.

ई-४०२ : काका, मी ऑर्थोपेडिकमध्ये आहे. नडगीच्या अशा फ्रॅक्चरमध्ये अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर टक्के फार येत नाहीत, हाड नीट जुळलं तर.

सी-१०१ : डॉक्टर, मुद्दा तिथेच आहे. शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि कमाईचं नुकसान किती टक्के, हे दोन वेगळे आकडे आहेत. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये हे फार स्वच्छ सांगितलंय. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई जाते, कारकुनाची जाईलच असं नाही. मावशींचं काम उभ्याने आहे. सकाळी सहा ते अकरा ओट्यापाशी, मग जिने, मग दुसरं घर. पाय दहा टक्के अधू असला तरी पाचपैकी दोन घरं सुटली, तर नुकसान दहा टक्क्यांचं नाही. तुम्ही केस पेपरमध्ये त्या काय काम करतात आणि किती वेळ उभं राहावं लागतं हे लिहून घ्यायला तिथल्या सर्जनना सांगाल का? नुसतं ‘गृहिणी’ लिहून सोडून देतात.

ई-४०२ : नक्की. उद्या राउंडच्या वेळी जाऊन बोलते.

सी-१०१ : आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. १६,००० हा आकडा आपल्याला माहीत आहे, ट्रिब्युनलला नाही. पगारपत्रक नाही, बँकेत जमा नाही, इन्कम टॅक्सचं रिटर्न नाही. पुरावा नसला की अंदाजाने धरतात, पुष्कळदा किमान वेतनाच्या आसपास, आणि वरचा अख्खा हिशोब तिथूनच खाली येतो. पुरावा आपल्या घराघरांत आहे. ज्यांच्याकडे मावशी काम करतात त्या प्रत्येकाने एक सही केलेलं पत्र द्यावं : कधीपासून येतात, काय करतात, महिन्याला किती देतो, अपघातापासून येत नाहीत. जीपेवर देत असाल तर त्याचे स्टेटमेंट जोडा. मावशी आपल्याकडे दहा-बारा वर्षं राबल्यात, त्यांच्या कमाईचे साक्षीदार आपणच आहोत.

ए-३०५ : पत्र देऊ हो. पण उद्या कोर्टात बोलावलं तर? आम्ही दोघं नोकरीवाले.

सी-१०१ : बोलावू शकतात, खोटं कशाला सांगू. सगळ्यांना नाही, एक-दोघांना. जाऊन एवढंच सांगायचं की हे पत्र माझं, सही माझी, पैसे मी देतो. मी रिटायर्ड आहे, आमच्याकडेही त्या पोळ्या करतात, पहिलं नाव माझं घाला.

डी-६०१ : मग पत्रात थोडा जास्तच आकडा टाकूया का? त्यांचंच भलं होईल.

सी-१०१ : नाही ताई. जेवढे देतो तेवढेच. उलटतपासणीत एक पत्र खोटं ठरलं की उरलेल्या चार खऱ्या पत्रांवरचा विश्वास जातो.

सी-५०४ : मी ३,५०० देते, दिवाळीला एक पगार बोनस. तोही लिहू?

सी-१०१ : लिही. खरं आहे ते सगळं लिही.

ए-७०४ : एक शंका. मुलाकडे फक्त लर्निंग लायसन्स आहे आणि मावशींच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. प्लांटची माणसं हेच म्हणून घाबरवत होती, केस तुमच्यावरच उलटेल म्हणून.

सी-१०१ : घाबरवणारच. इजा पायाला आहे, हेल्मेटचा संबंध नाही. नियम मोडला एवढ्यावर भरपाई कापता येत नाही, त्या चुकीमुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. मुलाची चूक थोडी निघालीच तरी मावशी मागे बसलेल्या, गाडी त्या चालवत नव्हत्या. दोन वाहनांच्या चुकीत तिसऱ्याला लागलं तर तो पूर्ण भरपाई कुठल्याही एकाकडून मागू शकतो. मुलाच्या स्वतःच्या दाव्यात मात्र लायसन्सचा मुद्दा निघेल, ते वेगळं.

सेक्रेटरी : गेटच्या कॅमेऱ्यात वळण दिसतं. मिक्सर इंडिकेटर न देता वळलाय, स्पष्ट आहे. पण आपला डीव्हीआर १५ दिवसांनी जुनं पुसतो.

सी-१०१ : आज रात्रीच पेनड्राइव्हवर घ्या, दोन प्रती. एक पोलिसांना लेखी पोच घेऊन द्या. असं रेकॉर्डिंग कोर्टात चालायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याचा पहिला भाग तुम्हीच भरून द्यायचा, कॅमेरे तुमच्या ताब्यात आहेत, दुसरा भाग तज्ज्ञाकडून भरून घ्यायचा. एफआयआरची प्रत, पंचनामा, एमएलसीचा कागद (पोलीस केस म्हणून हॉस्पिटलने केलेली नोंद), डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिलं, सगळं एका फाइलमध्ये. रिक्षाच्या खर्चाचीही नोंद ठेवायला सांगा मुलाला.

बी-३०२ : वकिलाचं काय काका? हॉस्पिटलच्या बाहेर एकजण भेटला, म्हणे फी नको, मिळेल त्यातले ३० टक्के.

सी-१०१ : त्याला लांबूनच नमस्कार. निकालातला हिस्सा फी म्हणून घेणं वकिलांना नियमानेच मना आहे. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या कायद्यात तसं आहे. दावाही तिथल्याच मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावता येईल. अर्जासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलीय, म्हणून रेंगाळायचं नाही. पुढे लोकअदालतीत विमा कंपनी तडजोड करायला तयार झाली आणि रक्कम रास्त असली तर घ्यावी. तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही, पैसे लवकर हातात पडतात.

ए-७०४ : पटलं काका. पण तोवर घर कसं चालणार? मी म्हणत होतो ते त्यासाठीच.

सी-१०१ : तुमची काळजी खरी आहे, म्हणूनच गरीब माणूस सही करतो. पाचही घरांनी पुढचे तीन महिने पगार चालू ठेवूया. पत्रात मात्र स्पष्ट लिहा की ही मदत आहे, कामाचा मोबदला नाही.

ए-३०५ : आमचा हो. पत्रही देतो, कोर्टात यायचं झालं तर मी सुट्टी टाकेन.

ए-७०४ : आमच्याकडे मावशी येत नाहीत, तरी दोन हजार माझेही धरा.

सी-५०४ : माझं पत्र लिहून झालंय. काका, मजकूर बघता का, खाली पाठवते.

सी-१०१ : पाठव. तारीख आणि फ्लॅट नंबर घाल, आणि मावशींचं नाव आधार कार्डवर आहे तसंच लिही. वहिनी, मुलाकडून आधारचा फोटो मागवून इथे नको, प्रत्येकाला वेगळा पाठवा. उद्या ती माणसं यायच्या आत मी आणि सेक्रेटरी साडेआठला हॉस्पिटलात पोचतो.