'चिफा'ला मराठीत काय म्हणावं?

मृणाल: पेरूवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. राजधानी लिमात गल्लोगल्ली 'चिफा' असतात म्हणे. 'चायनीज हॉटेल' लिहून टाकू?

वसंत: मृणालताई, कळेल, पण चव जाईल. चिनीत 'छ्र फान' म्हणजे शब्दशः भात खाणं, एकूणच जेवणं. 'चिफा' त्यावरून आला असं मानतात. १८४९ ते १८७४ दरम्यान सुमारे लाखभर चिनी मजूर करारावर पेरूत नेले, बहुतेक दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातले. आठ-आठ वर्षांचे करार, उसाकापसाचे मळे नाहीतर ग्वानोची, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेच्या खताची बेटं, आणि शिध्यात तांदूळ. सुटल्यावर बऱ्याच जणांनी लिमा गाठलं आणि मुख्य मंडईलगत, कापोन गल्लीच्या आसपास खानावळी घातल्या. विसाव्या शतकात त्यांनाच चिफा म्हणू लागले.

जुई: पण ही मंडळी कँटोनीज, म्हणजे क्वांगतुंगकडची चिनी बोलणारी ना? त्यांच्याकडे खाणं म्हणजे 'सिक'. मग 'सिकफा' नको का व्हायला?

वसंत: बरोबर पकडलंस! 'छ्र' मँडरिनकडचा, म्हणजे उत्तरेकडच्या चिनीतला, तेवढा खडा या व्युत्पत्तीत लागतोच. स्वयंपाकघरातले बाकीचे शब्द मात्र अस्सल कँटोनीज वळणाचे. सोया सॉस म्हणजे 'सियाओ'. आल्याला इतर स्पॅनिशभाषक 'हेंखिब्रे' म्हणतात, पेरूत बाजारात 'किओन'च मागायचं, मग मागणाऱ्याचे आजोबा चिनी असोत की नसोत.

जुई: लोमो साल्तादो विसरू नका! बीफच्या पट्ट्या, जाड चिरलेला कांदा, टोमॅटो, पिवळी मिरची, सगळं मोठ्या आचेवर चिनी कढईत परतायचं आणि सियाओ घालायचा. ताटात तळलेले बटाटे, वर भातही. बटाटा पेरूचा, भात चिन्यांचा. आज पेरूकर हा पदार्थ आपलाच म्हणून मिरवतात, चिनी म्हणून नाही.

मृणाल: मंचूरियनही इथलंच की. तरी आपण 'चायनीज'च म्हणतो.

वसंत: म्हणूनच तो शब्द इथे नको वाटतो. 'चायनीज' म्हटलं की वाचकाला कोपऱ्यावरची लाल गाडी दिसणार. शिवाय 'चायनीज' म्हणजे परक्याचं खाणं, आणि चिफात तर पेरूकर रविवारी घरचं लटांबर घेऊन जातात. 'चिफा'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'चिनी वळणाची खानावळ' एवढं जोडा. इक्वेडोरमध्येही हाच शब्द चालतो.

मृणाल: ठेवते. पण तो चिफा, ती चिफा की ते चिफा?

जुई: स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी आहे. सोफा-सोफे, तसं चिफा-चिफे.

वसंत: आणि 'चिफ्यात जेवलो'. झाला की मराठी!