मदत हवी आहे: वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत इंटरनेट आणि वर्गातील साधनांचे नियोजन कसे करावे?

नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, कोयना खोऱ्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. शाळा पहिली ते पाचवीपर्यंत, पट ६८ आणि आम्ही तिघे शिक्षक. त्यामुळे पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत आणि पाचवी मुख्याध्यापकांकडे, कार्यालयाच्याच अर्ध्या भागात बसते. यंदा यात्रेला आलेल्या मुंबईकर ग्रामस्थांनी देवळातल्या बैठकीत शाळेसाठी वर्गणी जाहीर केली आणि महिन्याभरात ती जमाही केली. आज शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर २,१०,००० रुपये आहेत. ‘शाळा डिजिटल झाली पाहिजे’ एवढीच देणाऱ्यांची इच्छा आहे. जूनमध्ये शाळा भरण्यापूर्वी खर्चाचा आराखडा समितीपुढे मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी तंत्रज्ञ नाही, आणि लोकांच्या घामाच्या पैशाला जबाबदार राहायचे आहे, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

बैठकीतले बहुतेकांचे मत असे पडले की ६५ इंची स्पर्शपटलाचा मोठा पॅनेल घ्यावा. आम्ही मागवलेल्या पहिल्या दरपत्रकात त्याची किंमत बसवण्यासह १,४२,००० रुपये आहे. पॅनेल वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. ज्या शाळेत वीज, खोल्या आणि शिक्षक पुरेसे आहेत तिथे तो चांगलाच उपयोगी पडतो. परंतु आमच्या कपाटात एक प्रोजेक्टर आहे आणि तो मला स्वस्थ बसू देत नाही. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यानंतर लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करण्याची जी लाट आली, तीत आमच्या शाळेनेही तो घेतला होता. अडीच वर्षे उत्तम चालला, मग त्याचा दिवा गेला. नव्या दिव्याला ९,००० रुपये लागत होते आणि ते कोणत्या खर्चात घालायचे याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. एका विद्यार्थ्याच्या आईने त्याला कापडी खोळ शिवून दिली आहे. दर दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही खोळ धुतो आणि प्रोजेक्टर पुन्हा तिच्यात घालून ठेवतो. तेव्हापासून पहिलीत आलेली मुले पाचवी करून गेली, त्यांनी त्याचा उजेड एकदाही पाहिला नाही.

तेव्हा माझ्या मते आमच्यापुढचा खरा प्रश्न कोणते यंत्र घ्यावे हा नसून, घेतलेले यंत्र तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी कोणाच्या पैशाने चालू राहील हा आहे. समग्र शिक्षा या शासकीय योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते आणि ३१ ते १०० पटाच्या शाळेला ते वर्षाला २५,००० रुपये आहे. त्यातील किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा असतो. उरलेल्यात खडू, रजिस्टरे, वीजबिल, कौलांची डागडुजी सगळे बसवावे लागते. महिना ६०० रुपयांचे इंटरनेट घेतले तरी वर्षाचे ७,२०० होतात, म्हणजे अनुदानाचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग. समग्र शिक्षेतला संगणक आणि स्मार्ट वर्गाचा घटक सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भारतनेटमधून, म्हणजे गावोगावी फायबर नेण्याच्या केंद्राच्या योजनेतून, ग्रामीण भागातील सर्व सरकारी माध्यमिक शाळांना ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली, तिचे मनापासून स्वागत आहे. पण पाचवीपर्यंतची शाळा त्या वाक्यात येत नाही. ज्या वयात मूल वाचायला शिकते त्याच वयाची शाळा दोन्हीकडून बाहेर राहते, याचे मला वाईट वाटते.

आता जागेवरची परिस्थिती सांगतो. शाळेला एकच सिंगल फेजचा मीटर आहे, वायरिंग जुने आहे आणि अर्थिंगचा खड्डा कुठे असावा हे कोणालाच आठवत नाही. पावसाळ्यात वीज दिवसातून अनेकदा जाते. मागच्या वर्षी मृगाच्या तोंडावर वीज कडाडली तेव्हा एका पालकांनी वापरायला दिलेला राउटर जळाला. त्याच्या अडॅप्टरच्या टोकाशी काळा डाग पडला होता आणि भिंतीवरच्या प्लगचा एक कोपरा वितळला होता. मुले तेव्हा ओसरीवर खिचडी खात होती म्हणून त्या प्लगजवळ कोणी नव्हते. तो कोपरा मी अजून बदललेला नाही. समितीला दाखवायला ठेवला आहे आणि त्या खोलीचा पुरवठा मुख्य स्विचवर बंद ठेवला आहे.

मोबाइलची रेंज ओसरीच्या पूर्वेकडच्या खिडकीत मिळते, वर्गात मिळत नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या शासकीय शैक्षणिक ॲपवर उघडायचा म्हटला तर फोन खिडकीच्या गजात अडकवून ठेवावा लागतो. तिसरीची मुले पुस्तकातला तो चौकोन बोटाने दाखवतात आणि ‘गुरुजी, आलं का?’ विचारत राहतात. चित्रफीत सुरू होईपर्यंत तासाचा मोठा भाग संपलेला असतो. म्हणून हल्ली मी रविवारी पाटणला गेलो की आठवड्याच्या चित्रफिती उतरवून आणतो.

फायबर, म्हणजे इंटरनेटची काचेच्या धाग्याची केबल, आमच्या गट ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचली आहे. ग्रामपंचायत खालच्या गावात, रस्त्याने सुमारे १,४०० मीटरवर आणि ओढ्यावरून सरळ रेषेत साधारण ९०० मीटरवर आहे. शाळेच्या मागच्या बांधावरून तिचा पत्रा दिसतो. मात्र मध्ये आंब्याची दोन झाडे आणि चिव्याचे, म्हणजे बारीक बांबूचे, बेट आहे.

हे सगळे पाहून मी कच्चा आराखडा केला आहे. वायरिंगची दुरुस्ती, अर्थिंग, एमसीबी (बिघाड होताच आपोआप बंद होणारे स्विच), विजेच्या लाटेपासून संरक्षण देणारे उपकरण आणि इन्व्हर्टर-बॅटरी मिळून ४०,०००. दोन खोल्यांत साधे ४३ इंची टीव्ही, ५४,०००. एक लॅपटॉप, ३८,०००. शाळेतल्या शाळेत चालणारा छोटा सर्व्हर आणि वायफाय, १८,०००. ही बेरीज १,५०,००० होते आणि उरलेले ६०,००० पाच वर्षांच्या इंटरनेट आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवावेत, असा विचार आहे.

टीव्ही निवडण्यामागे विजेचे गणितही आहे. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते; ती दीर्घकाळ टिकावी म्हणून साधारण १,००० वॅट-तासच वापरायचे धरले, तर एक टीव्ही, लॅपटॉप आणि राउटर मिळून अंदाजे १४० वॅटवर सात तास, म्हणजे शाळेचा पूर्ण दिवस निघतो. मोठा पॅनेल एकटाच सुमारे २०० वॅट घेतो आणि एकाच खोलीत राहतो. दोन वर्ग एकत्र बसणाऱ्या शाळेत एका वर्गाला काही दाखवताना दुसऱ्याला शांतपणे गणित सोडवता आले पाहिजे, हे मला चकचकीत पडद्यापेक्षा महत्त्वाचे वाटते.

सर्व्हरबाबत वाचले ते असे: कोलिब्री नावाची शैक्षणिक साहित्याची मुक्त प्रणाली रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर किंवा जुन्या संगणकावर बसवता येते, तिचा वापर मराठीतून करता येतो आणि साहित्य एकदा पेनड्राइव्हने भरले की इंटरनेटशिवाय शाळेच्या वायफायवर उघडते. किविक्स या दुसऱ्या मुक्त प्रणालीने मराठी विकिपीडियाही तसाच ठेवता येतो. साध्या प्रतीची चित्रफीत सेकंदाला एक मेगाबिट घेते असे धरले तर तासाला सुमारे ४५० एमबी होतात. तीच चित्रफीत दर वर्षी नव्याने इंटरनेटवरून आणण्यापेक्षा शाळेत ठेवणे मला शहाणपणाचे वाटते.

आता ज्यात अडलो आहे ते विचारतो. ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत खांबांवरून फायबर ओढावी, की दोन्ही छपरांवर अँटेना लावून बिनतारी जोड घ्यावी? कोलिब्री कोणी मराठी माध्यमाच्या प्राथमिक वर्गांत प्रत्यक्ष वापरली आहे का, आणि त्यात स्वतः तयार केलेले मराठी साहित्य भरण्याचा अनुभव कसा आहे? बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागेल, तो खर्च माझ्या ६०,००० मध्ये बसत नाही. तो ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात कोणी मंजूर करून घेतला आहे का? आणि मुंबईकर मंडळींना कसे सांगावे, की त्यांच्या पैशातले पहिले ४०,००० न दिसणाऱ्या तारांत आणि जमिनीत जाणार आहेत? त्यांनी ते पैसे ओझी उचलून मिळवले आहेत, त्यांचा मान राखूनच हे सांगायचे आहे.

प्रतिसाद

गुरुजी, मी गेली काही वर्षे शाळा आणि दवाखान्यांत नेटवर्क बसवण्याचे काम करतो. तुमचा क्रम बरोबर आहे, तो कोणाच्याही आग्रहाने बदलू नका. अर्थिंग झाल्यावर वायरमनकडून मोजमाप लेखी घ्या. न्यूट्रल आणि अर्थमधला दाब दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला तर काम पुरे झालेले नाही.

बिनतारी जोडीला समोरासमोर मोकळी दृष्टी लागते. मे महिन्यात दिसणारा पत्रा श्रावणात दिसेलच असे नाही आणि ओल्या पानांतून ५ गिगाहर्ट्झचा संकेत फार कमजोर होतो. चिव्याचे बेट वाढते, हेही लक्षात घ्या. त्यामुळे मी फायबरला कौल देईन. फायबरमधून वीज येत नाही हे खरे, पण खांबांवरून ओढायच्या केबलला बहुधा आधाराची पोलादी तार असते आणि तिच्यातून वीज येऊ शकते. ती तार इमारतीच्या बाहेरच, शेवटच्या खांबावर तोडून बांधायला लावा आणि आत फक्त काचेचा धागा येऊ द्या. तुमचा राउटर जळाला तसे प्रकार मी बरेच पाहिले आहेत.

दरपत्रकात आणखी एक ओळ लिहून घ्या: तीन वर्षांची हमी ‘शाळेच्या जागेवर’ आहे की तालुक्याच्या ठिकाणी. टीव्ही खांद्यावर घेऊन पाटणला जाण्याची वेळ आली, तर तो पहिल्याच बिघाडाला कपाटात जातो. टॅब्लेटचा विचार पहिल्या वर्षी नको. आधी शिक्षकांचा हात लॅपटॉपवर बसू द्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. पोलादी तारेची गोष्ट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. आमच्याकडे गेल्या वर्षी जी तात्पुरती केबल ओढली होती, तिची तार थेट खिडकीच्या गजाला पीळ देऊन बांधलेली होती आणि ती अजूनही तशीच आहे. आज शाळा सुटल्यावर ती सोडवून घेतो. ‘शाळेच्या जागेवर हमी’ हे शब्द दरपत्रकाच्या मागणीपत्रात घातले आहेत.

मुंबईकर मंडळींबद्दल आमच्या समितीच्या अध्यक्ष ताईंनी मार्ग सुचवला. येत्या रविवारी त्या, मी आणि दोन पालक वितळलेला प्लग आणि खोळीतला प्रोजेक्टर घेऊन घाटकोपरला मंडळाच्या बैठकीला जात आहोत. दोन्ही वस्तू समोर ठेवून हिशेब वाचून दाखवू.

कोलिब्रीचा मराठी वर्गातला अनुभव आणि बॅटरीचा खर्च ग्रामपंचायतीकडून मिळवण्याची रीत, हे दोन प्रश्न अजून उघडे आहेत. ग्रामसभा तोंडावर आली आहे, त्यामुळे ज्यांनी तसा ठराव मंजूर करून घेतला असेल त्यांनी त्याची शब्दरचना कळवली तर फार मोठी मदत होईल.