मदत हवी आहे: लिंकनच्या पायाशी भुसा पडतोय

खडूस_मुलुंडकर: लवकर सांगा. शोकेसमधल्या लिंकनच्या पायाशी पिवळट भुसा साचतोय, पुसला की पुन्हा येतो. शेजारी नेपोलियन आणि बिस्मार्क आहेत, त्यांना लागायच्या आत काय मारू?

रेवा_क: लिंकन म्हणजे पुतळा? कशाचा?

खडूस_मुलुंडकर: जर्मन नटक्रॅकर हो! अक्रोड फोडायचा लाकडी बाहुला. पाठीतला दांडा उचलला की जबडा उघडतो.

बापूकाका: रॉकेल फासा. आमच्या वाड्याच्या तुळया त्यावरच टिकल्यात.

सुतारपक्षी: काका, तुळईला रंग नसतो. रॉकेलने रंग सुटेल आणि सशाच्या केसांची दाढी चिकट होईल. खडूस, टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आहेत का? असतील तर लाकूड पोखरणारा भुंगेरा. नुसती दाढी झडत असेल तर कसर.

खडूस_मुलुंडकर: टोपीमागे दोन आहेत. शोकेस प्लायचं, ओल येणाऱ्या भिंतीला. त्याचा काय संबंध?

सुतारपक्षी: सगळा संबंध त्याचाच! किडा प्लायमधूनही आला असेल. आधी तिघांना बाहेर काढा, फळ्या मागून तपासा.

झायफेनवारी: या नटक्रॅकरांचं मूळ गाव झायफेन बघून आलोय, जर्मनीतल्या सॅक्सनीच्या डोंगरात. तिथे 1870 च्या सुमारास फ्यूख्टनर नावाच्या कारागिरांनी लेथवर राजे-शिपाई कातायला सुरुवात केली. गंमत ही की ज्यांच्यापुढे मान तुकवायची, त्यांच्याकडूनच अक्रोड फोडून घ्यायचे. तुमच्याने फोडू नका मात्र, शोभेच्यांचा जबडा तुटतो.

खडूस_मुलुंडकर: अक्रोडाचं कोणी विचारलंय?

रेवा_क: घट्ट पिशवीत हवा काढून बंद करा, उणे 20 च्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडायची नाही, नाहीतर पाणी सुटतं. म्युझियमवाले हेच करतात.

बापूकाका: आणि रंगाला तडे गेले की?

रेवा_क: जुना, पोपडे आलेला रंग असेल तर जातील, म्हणून आधी नीट बघायचं. तुमच्या रॉकेलने तर रंगच उरणार नाही.

पानसुपारी: अवांतर: परदेशी बाहुल्या कशाला? पुण्यात केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघा. घोडे, मोर, माणसं, काय काय घडवलंय!

बापूकाका: +१. आमच्या आजीचा पितळी होता, भावजयीने मोडीत घातला.

खडूस_मुलुंडकर: फ्रीजरमध्ये सुरमई आहे, ती संपवतो. लिंकनची टोपी फार उंच, पिशवीत मावत नाही. फिरवून निघते का?

सुतारपक्षी: हात लावू नका! चिकटवलेली असते. मोठी पिशवी आणा.