आधी न मुरवलेले मांस, मग गाल्बी
सोलमध्ये प्रथमच कोरियन बार्बेक्यूला, म्हणजे टेबलावरच्या जाळीवर मांस भाजून खाण्याच्या ठिकाणी, जाताना मागवायचे काय आणि भाजायचे कोणी, याविषयी थोडे सांगतो. पुष्कळ ठिकाणी किमान दोघांपुरते मांस मागवावे लागते, त्यामुळे एकट्याने जाणाऱ्याने आधी विचारून घेतलेले बरे. सुरुवात सामग्योप्साल, म्हणजे डुकराच्या पोटाकडील चरबीदार, न मुरवलेल्या पट्ट्यांनी करावी. सोया सॉस, साखर आणि लसणात मुरवलेली गाल्बी, म्हणजे बरगडीचे मांस, आधी टाकली, तर साखर करपून जाळी काळी पडते आणि पुढच्या प्रत्येक तुकड्याला कडवटपणा लागतो. जाळी बदलून मागण्यात संकोच नको. पट्टी एका बाजूने खरपूस झाल्यावरच उलटावी आणि चिमट्याने उचलून धरून कात्रीने घासाएवढे तुकडे करावेत. कर्मचारी स्वतः भाजू लागले, तर चिमटा मुकाट्याने त्यांच्या हाती द्यावा, कारण त्यांना ते आपल्यापेक्षा निश्चितच चांगले जमते. लेट्यूसच्या पानात मांस, भाजलेली लसूण आणि साम्जांग (आंबवलेल्या सोयाबीनची तिखटसर चटणी) घालून केलेला विडा एकाच घासात खायचा असतो. तोंडीलावणी सहसा फुकट असतात व संपल्यावर पुन्हा मिळतात. कट्टर शाकाहारी सोबत्याला मात्र येथे आणू नये. किमचीतही (आंबवलेल्या तिखट कोबीतही) बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो.