मदत हवी आहे: मारी रोलेपर्यंतची वंशावळ
नमस्कार मंडळी. आमची सून क्वेबेकची. नातीसाठी दोन्ही घरांची वंशावळ लिहायला घेतलीय. सुनेच्या माहेरी सांगतात, आम्ही मारी रोलेच्या वंशातले. ही बाई १६१७ मध्ये नवरा लुई एबेर आणि तीन मुलांसह फ्रान्स सोडून क्वेबेकला आली. मुलगी गियमेत हिचं १६२१ मध्ये कुइयार घराण्यात लग्न झालं.

१६४० च्या आगीत तिथल्या चर्चची दप्तरं जळली, मग आठवणीवरून पुन्हा लिहिली. बायकांची नोंद माहेरच्या आडनावानेच, हे फार बरं. पण माझ्याकडच्या एका लग्ननोंदीत शाई फुटलीय. ‘फिय द’, म्हणजे ‘अमक्याची मुलगी’, एवढंच लागतं, पुढचं नाव लागत नाही.

जुनं फ्रेंच हस्ताक्षर वाचणारं कुणी आहे का? फोटो पाठवतो.